औषधाची पहिली वार्ता आणि शेवटची खात्री

करोनाच्या साथीत 'औषध सापडले' हे दोन शब्द आपण किती वेळा ऐकले, याची मोजदाद करणे कठीण आहे. कधी ते वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर होते, कधी दूरचित्रवाणीच्या पडद्याखालून धावणाऱ्या पट्टीत, तर कधी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील होते, मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण होता, त्या घरात या शब्दांनी मोठी आशा जागवली आणि तेवढीच धावपळही करायला लावली. काही महिन्यांनी त्यांतील बरीच औषधे मागे पडली. मग सर्वसामान्य माणसाने नेमका विश्वास कशावर ठेवायचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर औषधाची वार्ता जेथून पहिल्यांदा बाहेर पडते त्या ठिकाणांकडे पाहावे लागते. वैज्ञानिक परिषद हे त्यांपैकी एक महत्त्वाचे ठिकाण. महासाथीने या परिषदांचीच दारे बंद केली. त्यानंतर काय घडले, त्यातून काय मिळाले आणि काय हरवले, हे समजून घेतले तर पुढच्या वेळी अशी बातमी कानावर पडल्यावर ती कशी पारखावी, हेही उमजेल.

परिषदेत काय होते?

नवे औषध एका माणसाच्या हातून घडत नाही. रसायनशास्त्रज्ञ रेणू तयार करतात, जीवशास्त्रज्ञ तो पेशींवर आणि प्राण्यांवर तपासतात, तर डॉक्टर पुढे माणसांवर त्याच्या चाचण्या घेतात. या प्रवासाला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम करणारी ही मंडळी एकत्र येतात ती परिषदेत.

तेथे मोठ्या सभागृहात व्याख्याने होतात आणि प्रत्येक व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे होतात. लांबलचक दालनात शेकडो पोस्टर लावलेली असतात आणि प्रत्येकाजवळ एखादा तरुण संशोधक आपले काम समजावून सांगत उभा असतो. खरी देवाणघेवाण पुष्कळदा व्यासपीठावर न होता चहाच्या टेबलापाशी होते. "हा प्रयोग आम्हीही केला होता, पण जमला नाही," हे वाक्य छापील शोधनिबंधात सहसा सापडत नाही; ते चहाचा पेला हातात घेऊन बोललेले असते.

अमेरिकन केमिकल सोसायटीच्या अधिवेशनात तर एक खास सत्र असते. औषध कंपन्यांनी तोपर्यंत गुप्त ठेवलेल्या रेणूची रचना त्यात पहिल्यांदा जाहीर होते आणि श्रोते ती पाहून घाईघाईने वहीत उतरवून घेतात. बाहेरच्या जगाला ही एक घोषणा वाटते. सभागृहातल्या जाणकारांसाठी मात्र ती उलटतपासणीची सुरुवात असते. रेणू पोटातून रक्तात किती उतरतो? यकृतावर काय परिणाम होतो? किती जणांवर चाचणी झाली? तेथे शंका विचारणे उद्धटपणाचे मानले जात नाही. ते प्रत्येकाचे कर्तव्यच असते.

महासाथ आणि परिषद यांचे नाते जुने आहे. जुलै १९९६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत तीन औषधे एकत्र देण्याच्या उपचाराचे निष्कर्ष मांडले गेले आणि त्या रोगाकडे पाहण्याची डॉक्टरांची दृष्टीच बदलली. म्हणूनच २०२० साली करोना आला, तेव्हा साऱ्यांचे डोळे अशाच एखाद्या सभागृहाकडे लागणे स्वाभाविक होते.

सभागृहांना कुलूप

सुरुवात त्याच दिशेने झालीही. ११ आणि १२ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हा येथे शास्त्रज्ञांची बैठक बोलावली. याच दिवसांत या आजाराला 'कोविड-१९' हे नाव मिळाले आणि कोणते संशोधन आधी हाती घ्यायचे, याचा क्रम ठरवण्यात आला.

त्यानंतर मात्र चित्र पालटले. २६ आणि २७ फेब्रुवारीला अमेरिकेतील बोस्टन शहरात एका जैवतंत्रज्ञान कंपनीची बैठक भरली. सुमारे १७५ अधिकारी एकत्र आले, एकत्र जेवले आणि आपापल्या गावी परतले. त्यांच्यासोबत विषाणूही गेला. विषाणूच्या जनुकीय खुणांचा माग काढणाऱ्या अभ्यासाने पुढे असा अंदाज वर्तवला, की या एका बैठकीशी नाते सांगणारा विषाणू अमेरिकेत दोन लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचला असावा. औषधाच्या क्षेत्रातील माणसांची बैठकच रोगाच्या प्रसाराचे केंद्र ठरावी, हा कटू योगायोग होता.

८ मार्चपासून त्याच बोस्टनमध्ये विषाणूजन्य रोगांवर काम करणाऱ्यांची 'क्रॉय' ही परिषद भरायची होती. दोनच दिवस आधी आयोजकांनी सभागृह रद्द केले आणि संपूर्ण परिषद इंटरनेटवर नेली. त्यात करोनावर एक विशेष सत्रही घेतले. फिलाडेल्फिया येथे मार्चअखेर होणारे अमेरिकन केमिकल सोसायटीचे अधिवेशनही रद्द झाले. एप्रिलमध्ये अमेरिकेतील कर्करोग संशोधन संघटनेने आपले वार्षिक अधिवेशन पडद्यावर आणि विनाशुल्क घेतले, तेव्हा साठ हजारांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. वुहान, इटली, स्पेन आणि फ्रान्स येथील डॉक्टरांनी करोना झालेल्या कर्करुग्णांविषयीचे आपले अनुभव तेथे मांडले. एरवी ही माहिती एकत्र यायला कितीतरी महिने लागले असते.

काय मिळाले, काय हरवले

पडद्यावरच्या परिषदेने एक मोठी भिंत पाडली. विमानाचे भाडे, व्हिसा आणि परदेशातील हॉटेलचा खर्च परवडत नाही म्हणून मागे राहणाऱ्या भारतातील किंवा आफ्रिकेतील तरुण संशोधकाला आपल्या खोलीत बसून जगातील मोठ्या शास्त्रज्ञांना ऐकता आले. लहान मुले किंवा आजारी आई-वडील घरी आहेत म्हणून प्रवास टाळणाऱ्यांनाही, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, ही सोय झाली. गैरसोय होती ती घड्याळाची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुपारी दोनचे सत्र एप्रिलमध्ये आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होई.

पण काही गोष्टी पडद्यातून पलीकडे जाईनात. व्याख्यान पुष्कळदा आधीच ध्वनिमुद्रित केलेले असे आणि प्रश्न टंकून पाठवावे लागत. त्यांतले कोणते घ्यायचे, हे सूत्रसंचालक ठरवी. समोरासमोर विचारलेल्या प्रश्नावर वक्ता क्षणभर थबकला तर जाणकारांना ते पुरेसे बोलके असते; पडद्यावर ते दिसत नाही. चहाच्या टेबलाजवळची ती मोकळी कबुलीही गेली. एकंदरीत माहिती पोहोचण्याचा वेग वाढला, पण शंका विचारण्याची जागा आक्रसली.

एका रेणूची गोष्ट

तरीही या काळातली एक महत्त्वाची औषधवार्ता पडद्यावरच्या परिषदेतूनच बाहेर आली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे वसंत अधिवेशन पूर्णपणे इंटरनेटवर झाले. त्यात फायझर कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ डॅफिड ओवेन यांनी एका नव्या रेणूची रचना जगापुढे मांडली. हाच रेणू पुढे 'निर्मात्रेल्व्हिर' या नावाने ओळखला गेला.

या रेणूचे मूळ २००३ सालच्या सार्स साथीत आहे. करोना विषाणू आपली प्रथिने एका लांब साखळीच्या रूपात तयार करतो आणि एका विकराच्या कात्रीने ती योग्य जागी कापतो. ही कात्री अडवली तर विषाणूची वाढ थांबते. सार्सच्या वेळी फायझरच्या शास्त्रज्ञांनी असा एक रेणू शोधला होता. पण ती साथ ओसरली आणि काम बाजूला पडले. २०२० साली ते पुन्हा हाती घेतले गेले. जुना रेणू शिरेतून द्यावा लागला असता. गरज होती ती घरी बसून घेता येईल अशा गोळीची.

ओवेन यांनी सांगितलेले आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. जुलै २०२० च्या अखेरीस या रेणूचे पहिले ७ मिलिग्रॅम तयार झाले, म्हणजे मोहरीच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाएवढे. ऑक्टोबरअखेर १०० ग्रॅम झाले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत एक किलोहून अधिक. या कामात २१० संशोधक गुंतले होते.

मात्र ज्या दिवशी ही रचना जाहीर झाली, त्या दिवशी हे औषध रुग्णाला वाचवते की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. माणसांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी नुकती सुरू झाली होती. उत्तर मिळायला वर्षाची अखेर उजाडली. लस न घेतलेल्या आणि आजार बळावण्याचा धोका अधिक असलेल्या दोन हजारांहून अधिक प्रौढांवर चाचणी झाली. लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांत ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यापैकी शंभरात एकाहून कमी जणांवर रुग्णालयात दाखल होण्याची किंवा मृत्यूची वेळ आली. औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी ज्यांना दिली, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात सहाहून अधिक होते. चाचणीत झालेले सर्व १३ मृत्यू या दुसऱ्या गटातील होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २२ डिसेंबर २०२१ रोजी तातडीच्या वापराला परवानगी दिली.

याच औषधाची दुसरी बाजू ज्येष्ठांसाठी विशेष महत्त्वाची आहे. निर्मात्रेल्व्हिर शरीरात टिकून राहावे म्हणून त्याच्यासोबत 'रिटोनाव्हिर' द्यावे लागते आणि रिटोनाव्हिरमुळे इतर अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. कोलेस्टेरॉलसाठीचे सिम्व्हास्टॅटिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन, रक्त पातळ करणारे रिव्हॉरोक्सॅबान ही त्यांतली काही. मूत्रपिंड अशक्त असल्यास मात्राही कमी करावी लागते. पुढे लस घेतलेल्या किंवा कमी धोक्याच्या लोकांवर वेगळी चाचणी झाली, तेव्हा तसा ठळक लाभ दिसला नाही. म्हणजे औषध खरे होते, पण सर्वांसाठी नव्हते.

पन्नासाचे तीस

मोल्नुपिराव्हिर या दुसऱ्या गोळीची कथा याहून बोधप्रद आहे. मार्च २०२१ मध्ये 'क्रॉय'च्या पडद्यावरील परिषदेत तिचे प्राथमिक निष्कर्ष मांडले गेले. उपचाराच्या पाचव्या दिवशी औषध घेतलेल्या ४७ जणांपैकी एकाच्याही नमुन्यात जिवंत विषाणू वाढला नाही. औषध न घेतलेल्या २५ पैकी ६ जणांच्या नमुन्यात वाढला. वार्ता आशादायक होती, पण संख्या लहान होती.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी मोठ्या चाचणीचे अंतरिम आकडे आले: रुग्णालयात जाण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी कमी. जगभर मथळे झाले. नोव्हेंबरअखेर सर्व रुग्णांचे आकडे जमले, तेव्हा हाच लाभ ३० टक्क्यांवर आला. त्यानंतर ब्रिटनमध्ये पंचवीस हजारांहून अधिक, बहुतांश लस घेतलेल्या लोकांवर अभ्यास झाला. त्यात रुग्ण थोडे लवकर बरे झाले, पण रुग्णालयात जाण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण घटले नाही.

भारतात या गोळीला २८ डिसेंबर २०२१ रोजी तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. काही दिवसांतच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुरक्षिततेविषयीच्या शंकांमुळे तिचा राष्ट्रीय उपचारसूचीत समावेश करण्यास नकार दिला. दोन सरकारी यंत्रणांचे वेगवेगळे सूर ऐकून अनेकांचा गोंधळ उडाला. परंतु परवानगी मिळणे म्हणजे प्रत्येकाने घ्यावे असा सल्ला नव्हे, हा भेद त्या निमित्ताने स्पष्ट झाला.

उलटतपासणी टाळून आलेल्या वार्ता

काही औषधे तर तज्ज्ञांच्या उलटतपासणीआधीच थेट घराघरांत पोहोचली. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात असे दिसले, की प्रयोगशाळेतील पेशींमध्ये आयव्हरमेक्टिन हे जंतावरचे औषध करोना विषाणूची वाढ रोखते. मात्र त्यासाठी वापरलेले प्रमाण, नेहमीच्या मात्रेतून माणसाच्या रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी पट अधिक होते. एखाद्या भरल्या सभेत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला गेला असता. मथळ्यांत तो आलाच नाही. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधासाठी हे औषध देण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या सुधारित उपचारसूचीतून ते वगळले गेले आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही.

रेमडेसिव्हिरची आठवण महाराष्ट्रात अजून ओली आहे. एप्रिल २०२१ मध्ये कितीतरी मुला-मुलींनी वडिलांसाठी, आईसाठी एकेका कुपीच्या शोधात रात्री जागवल्या आणि काळ्या बाजारात अवाच्या सवा पैसे मोजले. वास्तविक ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीचे अंतरिम निष्कर्ष आले होते. अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या या चाचणीत भारतही सहभागी होता आणि येथील समन्वय पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होता. रुग्णालयातील रुग्णांचे मृत्यू कमी करण्यात रेमडेसिव्हिरचा परिणाम नगण्य किंवा शून्य असल्याचे तीत दिसले. अंतिम आकड्यांत, श्वसनयंत्रावर नसलेल्या रुग्णांना थोडा लाभ आढळला. मिळाले नाही म्हणून माणूस गेला, असे म्हणण्याइतके ते प्रभावी नव्हते. त्या दिवसांत कुपी मिळवू न शकल्याची बोचणी जी मुले आजही मनात बाळगून आहेत, त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

उलट, ज्याने निश्चितपणे जीव वाचवले ते डेक्सामेथासोन जुने आणि अत्यंत स्वस्त होते. १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने त्याचा निष्कर्ष जाहीर केला: श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने, तर केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काहीही लाभ झाला नाही. ही वार्ताही परिषदेत न येता प्रसिद्धिपत्रकातूनच आली होती. तरीही ती टिकली, कारण तिच्यामागे सहा हजारांहून अधिक रुग्णांची, चिठ्ठी टाकावी तशी निष्पक्षपणे गट पाडून केलेली तुलना होती. बातमीची वाट कोणती, यापेक्षा तिच्या पाठीशी असलेला पुरावा कोणता, हेच महत्त्वाचे.

घरच्यांसाठी पाच प्रश्न

नव्या औषधाची बातमी आली, मग ती करोनाची असो, स्मृतिभ्रंशाची असो वा मधुमेहाची, पुढील प्रश्न स्वतःला आणि डॉक्टरांना विचारावेत.

१. हा परिणाम कोठे दिसला? परीक्षानळीत, प्राण्यांत की माणसांत?

२. किती माणसांवर दिसला, आणि औषध न घेतलेल्यांशी तुलना झाली का?

३. आकडे अंतरिम आहेत की अंतिम? इतर तज्ज्ञांनी ते तपासून प्रसिद्ध झाले आहेत का?

४. चाचणीतील माणसे आपल्या रुग्णासारखी होती का? वय, इतर आजार, आजाराची पायरी या बाबी जुळतात का?

५. रुग्ण आधीपासून घेत असलेल्या औषधांशी त्याचा मेळ बसतो का?

पाचव्या प्रश्नासाठी एक साधी सवय लावून घ्यावी. घरातील ज्येष्ठांच्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहून तो फाइलच्या पहिल्या पानावर ठेवावा. त्यात आयुर्वेदिक काढे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि दुकानातून स्वतःच आणलेली औषधेही असावीत. औषध बदलले की कागदही बदलावा. आणीबाणीच्या वेळी डॉक्टरांना याचा मोठाच उपयोग होतो.

आता सभागृहांची दारे पुन्हा उघडली आहेत. अनेक परिषदा समोरासमोर आणि पडद्यावर अशा दोन्ही रीतींनी भरू लागल्या आहेत. संशोधक तेथे पूर्वीप्रमाणेच एकमेकांना अडवतात, आकडे पुन्हा मागतात, "हे पटत नाही" असे सांगतात. त्यांच्या या शंकेखोरपणातूनच खरी औषधे टिकतात आणि खोटी गळून पडतात. तोच शंकेखोरपणा थोडासा आपल्या घरीही यावा. आजी-आजोबांच्या हाती नवी गोळी ठेवण्यापूर्वी विचारलेला एखादा प्रश्न हा अविश्वास नसतो. ती त्यांची घेतलेली काळजीच असते.